बकुळावहिनीच्या फडताळावरचे आकडे

हे मी चांगल्या मनाने लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकतो. माझी थोरली वहिनी, बकुळा सीताराम आंगणे, लालबागला आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते, मसाले भाजून कुटून विकते, आणि तिच्यावर मी गेली दहा वर्षं जळतो आहे. ती चौथी पास. मी मॅट्रिक, इंग्रजीत बासष्ट मार्क, म्युनिसिपालिटीत कारकून. तरीही चाळीत कुणाला पैशाचं काही विचारायचं असलं, की माणूस माझ्या दारावरून पुढे जातो आणि तिच्या दारात चप्पल काढतो. माझी बायको लतिकासुद्धा. "वहिनींना एकदा विचारा" हे वाक्य मी माझ्याच घरात इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली ते सुरू होताच मी खांद्यावर टॉवेल टाकून मोरीत शिरतो.

सुरुवात झाली एक्कावन्न साली. माझा भाऊ सीताराम फोर्टातल्या एका शेअर दलालाकडे एकोणीस वर्षं शिपाई होता. तो गेला, तेव्हा शेठने वहिनीच्या हातात पंचवीस शेअर ठेवले. डेक्कन कोस्टल होल्डिंग कंपनी. मी कागद उलटसुलट करून पाहिले. भाव एकशेचाळीस चालला होता. म्हटलं, "वहिनी, विकून टाका. साडेतीन हजार येतील. कागदाला काय चाटायचंय?"

वहिनी मिरच्या निवडत होती. डोकं वर न करता म्हणाली, "ह्यो कागद वर्षाला किती कमावतो?"

"पाच रुपये देतात शेअरमागे."

"देतात किती ते नाय विचारलं. कमावतो किती?"

मला तो फरक त्या क्षणापर्यंत माहीत नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा नाही केलं. घरी येऊन कंपनीचा छापील रिपोर्ट चाळला. शेअरमागे नफा दहा रुपये होता, पाच वाटले होते आणि पाच कंपनीने ठेवून घेतले होते. वहिनीला सांगितलं. तिने एकशेचाळीसला दहाने भागलं, स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं, आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: ५१ – १४.

"हे काय?"

"चौदा वर्षांची कमाई एकदम मोजून लोक हा कागद घेतायत. खोलीच्या पागडीसारखंच आहे मगे. पागडी भागिले वर्षाचं भाडं."

ते बरोबर होतं, हाच तर माझा राग होता. पुढे काही वर्षांनी एका इंग्रजी पेपरच्या बाजारपानावर मला 'प्राइस-अर्निंग रेशो' असा शब्द सापडला. मी धावत जाऊन तिला सांगितलं, की तुम्ही करता त्याला असं असं म्हणतात. ती म्हणाली, "असं होय," आणि धने परतत राहिली.

ही डेक्कन कोस्टल स्वतः काहीच बनवत नव्हती. परळच्या दोन कापडगिरण्या, एक साखर कारखाना, एक सिमेंटचा, एक बोटींची कंपनी, यांतले मोठे मोठे हिस्से तिच्या नावावर होते आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पैशावर ती जगत होती. हे मी वहिनीला चांगलं अर्धा तास समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपली कमलाबाईच."

कमलाबाई तळमजल्यावर राहायची. तिचा नवरा चाळमालकाचा भाडं गोळा करणारा माणूस होता, त्या काळात त्याने चार खोल्या स्वतःच्या नावावर करून घेतल्या. तो गेल्यावर कमलाबाई एकीत राहायची आणि उरलेल्या तिन्हींत पोटभाडेकरू ठेवून बसून खायची. माझ्या अर्ध्या तासाचं तिने तीन शब्दांत वाटोळं केलं.

त्यानंतर दर जुलैला पोस्टमन लांबट पाकीट घेऊन यायचा आणि गॅलरीच्या टोकावरून ओरडायचा, "बकुळा सीताराम आंगणे, डेक्कन कोस्टल!" सगळी गॅलरी ऐकायची. इंग्रजी टाइपात तिचं नाव, पुढे मिसेस. माझ्या नावाने आयुष्यात एकच छापील पाकीट आलं होतं, तेही लायब्ररीचं, पुस्तक परत न केल्याबद्दल. पाकीट ती माझ्याकडे आणून द्यायची आणि मी बत्तीस पानं वाचून तिला एक आकडा काढून द्यायचो. ती त्या दिवशीचा भाव घ्यायची, भागायची, फडताळावर लिहायची. तेरा, अकरा, बारा, पुन्हा बारा. एकदा मी चिडून विचारलं, की दरवर्षी हे लिहून करायचं काय.

"एका दिवसाचा ताप बघून काय कळतं, भावोजी? काल किती होता, परवा किती होता, ते पण हवं."

चोपन्न साली कमलाबाईने एक गंमत केली. तीनपैकी एक खोली पागडी घेऊन देऊन टाकली. अठराशे रुपये आले. त्या वर्षी बाईने सोन्याचे गोठ केले, काशीला जाऊन आली, गणपतीला साऱ्या चाळीला बासुंदी दिली. लोक म्हणाले, कमलाबाईचं बरं चाललंय. पुढच्या वर्षी एका खोलीचं भाडं कमी झालं, आणि बाई वहिनीकडून पाव पाव शेर मसाला न्यायला लागली. तेव्हा गॅलरीत सर्वांत मोठ्याने हसणारा मी होतो. "पागडीला भाडं समजली! पागडी एकदाच येते, बाई!" असं मी कठड्याला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो. हे लक्षात ठेवा.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबईचं काय करणार, केंद्राकडे देणार की आणखी कुणाकडे, यावरून गोळीबार झाले. लालबाग-परळमध्ये कर्फ्यू. गॅलरीतून खाली वाकलं तरी पोलीस बंदूक वर करायचे. बाजार कोसळला, ज्याला त्याला कागद विकून मोकळं व्हायचं होतं. डेक्कन कोस्टल सत्त्याहत्तरवर आली. कर्फ्यू उठला त्या दिवशी मी कामगार मैदानावरची सभा ऐकून, घसा बसेपर्यंत घोषणा देऊन घरी आलो, तर वहिनी फडताळापुढे उभी. ५६ – ७.

"पाच घेते अजून," ती म्हणाली. "कमाई अकरा आहे, तशीच आहे. मुंबई कुणाच्याही हातात गेली तरी लोक साखर खाणारच ना?"

माझा संताप संताप झाला. म्हटलं, "माणसं मरतायत, आणि तुम्ही भागाकार करताय?"

तिने फडताळ लावलं. मग म्हणाली, "सत्याग्रहाला जातात त्यांच्यासाठी माझ्या चुलीवरून रोज चाळीस भाकऱ्या जातात, भावोजी. तुमच्या घरातून किती जातात?"

आमच्या घरातून माझा आवाज तेवढा जात होता. तिने पाच शेअर घेतले आणि दोन वर्षांत ते जवळजवळ दुप्पट झाले. फडताळावर अठ्ठावन्नच्या पुढे तेरा लागला. त्या पाच शेअरांसाठी तिने मसाल्याचे जमवलेले पावणेचारशे-चारशे घातले असतील. पण मला रात्रंदिवस तेच दिसायचं. मोर्चे मी काढले, लाठी मी खाल्ली, आणि भाव तिचा वाढला, अशी काहीतरी माझी समजूत झाली होती. खरं तर लाठीही माझ्या शेजारच्याला लागली होती.

आता मुद्द्यावर येतो. तिच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एक खोली आहे, तिथे रामदास नावाचा गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, राहायचा. एकोणसाठमध्ये त्याने सांगितलं, की दिवाळीला नोकरी संपते, कणकवलीला गावी जाणार, खोली देणार, पागडी चोवीसशे. आम्ही पाच माणसं दहा बाय बाराच्या खोलीत. थोरली मुलगी चौदाची झाली होती, आणि कपडे बदलायला तिला लतिका चादर धरून उभी राहायची. लतिका मला म्हणाली, "ही खोली आपल्याला हवी. बाकी मी आजवर काही मागितलं नाही." ते खरं होतं. पोस्टात आमचे बावीसशे होते. दोनशे कुठूनही उभे राहिले असते. सरळ माणसाने ते केले असते आणि खोली घेतली असती.

पण रामदास जाता जाता बोलून गेला, "बकुळावहिनीपण विचारत होत्या. मसाल्याची पोती ठेवायला."

पोती! माझी पोरगी चादरीआड, आणि हिला पोत्यांना खोली हवी! माझ्या डोक्यात असं शिरलं, की ही चढ्या भावाने खोली उचलणार. पागडी तीन हजार करेल, साडेतीन करेल, तिला काय कमी आहे. मी चोवीसशे घेऊन गेलो तर तोंडघशी पडणार. मला जास्त पैसे हवे होते आणि दिवाळीच्या आत हवे होते.

जुलैत पोस्टमन आला तेव्हा वहिनी मसाला कुटायला गिरणीवर गेलेली. पाकीट त्याने माझ्या हातात दिलं. मी उघडलं. शेअरमागे नफा: छत्तीस रुपये.

मी तीनदा वाचलं. आदल्या वर्षी अकरा होता. पेपरात भाव पाहिला, एकशेऐंशी. भागलं. पाच.

वहिनीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आत गेलो, फडताळ उघडलं. चौदा, तेरा, अकरा, बारा, बारा, सात, आठ, तेरा. पाच कधीच नव्हता. सातला तिने घेतले तर ते दुप्पट झाले. पाचला घेतले तर काय होईल? तेराच्या हिशेबाने माझा एकशेऐंशीचा कागद साडेचारशेच्या पुढे जायला हवा होता. फडताळ लावलं, घरी आलो, आणि रिपोर्ट माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या कोटाखाली ठेवून दिला.

हो, लपवला. तिला मिळू नये म्हणून लपवला. एकदा तरी मला कळलेलं तिला कळू नये, एवढंच मला हवं होतं.

चार दिवसांनी तिने विचारलं, "भावोजी, पाकीट नाय आलं अजून?"

"नाही बुवा."

मी पोस्टातून पैसे काढले, लतिकेला न सांगता. फोर्टात भावाच्या जुन्या शेठकडेच गेलो, दुसरीकडे मला कोण ओळखणार? तिथे सीतारामच्या वेळचे मेहताजी होते. म्हणाले, "डेक्कन कोस्टल? बारा आहेत आजच विकायला आलेले." माझ्या पैशांत बाराच बसत होते. एकवीसशे साठ. मेहताजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "रिपोर्ट नीट वाचलाय ना, शामराव?"

मी म्हटलं, "मला इंग्रजी येतं, मेहताजी."

त्यांनी सौदा वहीत उतरवला.

पंधरा दिवसांनी ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही करायला बोलावलं. घेणाऱ्याच्या जागी मी सही केली, आणि मग वर विकणाऱ्याची सही पाहिली. गोल गोल, सावकाश काढलेली मराठी अक्षरं. बकुळा सीताराम आंगणे.

तुम्हाला वाटेल मी चरकलो. छे. मला आनंद झाला, इतका, की फोर्टातून लालबागपर्यंत मी चालत आलो आणि वाटेत दोनदा लिंबू सरबत प्यायलो. रिपोर्ट मिळाला नाही म्हणून बाईने आंधळेपणाने विकले, आणि तेही मला! आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात दुखत नव्हतं. तिच्या समोर जाणं मात्र मी टाळू लागलो. चहाला बोलावलं तर उंबऱ्याबाहेरच उभा राहायचो. तिच्या स्वयंपाकघरात त्यानंतर वर्षभर पाऊल ठेवलं नाही.

भाव वाढला नाही. ऑगस्टात एकशेसत्तर, सप्टेंबरात एकशेपन्नास. मी स्वतःला म्हणायचो, पाचचा कागद आहे, बाजार मूर्ख आहे. दिवाळीला तो एकशेवीसवर होता, आणि त्याच आठवड्यात रामदासची खोली वहिनीने घेतली. चोवीसशेलाच. एक रुपया चढवला नाही.

लतिका रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आपले पैसे पोस्टात होते. तुम्ही का नाही गेलात?"

"पागडी फार होती. पटलं नाही मला."

तिने पुन्हा विचारलं नाही. चादर धरून उभी राहायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही, एवढंच.

साठचा मे आला. राज्य झालं. गिरण्यांवर दिव्यांच्या माळा, चाळीचाळींत पेढे, आम्ही ज्यासाठी बोंबलत होतो ते मिळालं, आणि मी कठड्याला टेकून उभा होतो तो खिशातल्या बारा कागदांचा विचार करत. लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला, जुना कार्यकर्ता म्हणून. रडू आलं. लोकांना वाटलं महाराष्ट्रामुळे.

आणि जुलैत पोस्टमन आला. नेहमीसारखा गॅलरीच्या टोकावरून ओरडला, "आंगणे! डेक्कन कोस्टल! दोन!" मग दुसरं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन, "शामराव गोविंद आंगणे! अरे वा शामराव, तुम्हीपण शेठ झालात!"

माझं नाव, छापील, पुढे मिस्टर. जे मला नऊ वर्षं हवं होतं ते साऱ्या गॅलरीने ऐकलं. लतिका दारात तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात.

"तुमच्या नावाचं कसं आलं?" मी पाकीट पाठीमागे धरलं. "पोस्टातले?" तिने सूप खाली ठेवलं.

वहिनी आपल्या दारात आली. माझ्याकडे पाहिलं, लतिकेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आत या दोघं."

एका वर्षाने मी त्या स्वयंपाकघरात शिरलो. तिने फडताळ उघडलं. ५८ – १३. त्याच्याखाली ५९, आणि पुढे आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं: कमलाबाई.

मी ते वाचलं आणि मला सगळं समजलं. तरी ती बोलली.

"पाकीट येईना म्हणून मी मेहताजींकडे गेले. ते म्हणाले, कंपनीने एका गिरणीतला आपला सगळा हिस्सा विकला, त्याचा पैसा नफ्यात धरलाय. अकरा रुपये रोजच्या कमाईचे, बाकीची पागडी. लोक छत्तीस बघून नाचतायत. म्हटलं, खोली गेली ती गेली, उद्या भाडंही तेवढं कमी होणार. आकडा लिहिला असता तर पाच आला असता. खोटा पाच कशाला लिहायचा? बारा कागद देऊन टाकले."

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"तुमचं काय ते माका दिवाळीला कळलं, मेहताजींकडून. तोवर तुम्ही कागद घेऊन बसला होतात. आणि भावोजी, फॉर्मवर माझी सही बघितलीत ना? तेव्हा तरी येऊन विचारायचं, वहिनी, का विकलेत."

तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने नवा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "वाचा."

शेअरमागे नफा आठ रुपये. भाव शहाण्णव.

"बारा," ती म्हणाली, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिहा."

कमलाबाईच्या नावाखाली माझ्या मॅट्रिकच्या अक्षरात मी लिहिलं: ६० – १२.

मग तिने कमरेची किल्ली सोडली आणि ती लतिकेच्या हातात दिली, माझ्या नाही. "मधली खोली. पोती मी जिन्याखाली ठेवते. पागडीत एकवीसशे साठ ह्यांचेच आहेत, माझ्या कागदांचे म्हणून आले ते. वरचे दोनशे चाळीस माझे. पण खोली माझ्याच नावावर राहू दे गो. ह्यांच्या नावावर केली तर उद्या तीपण देऊन टाकतील, कुठेतरी पाच दिसला की."

लतिका तिच्या पाया पडली. मला वाटतं आमच्या लग्नानंतर ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

झालं. रिपोर्ट कोटाखालून काढून वहिनीला परत दिला, तिने तो मसाल्याच्या पुड्या बांधायला घेतला. शेअर अजून माझ्याकडे आहेत. ती म्हणते ठेवा, बारा हा वाईट आकडा नव्हे. जुलैत माझ्या नावाचं पाकीट येतं, पोस्टमन ओरडतो, आणि मी ते त्याच्या हातातून ओढून घेतो. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी जळणं थांबेल. थांबलेलं नाही. मध्यंतरी मधल्या भिंतीत दार पाडून आम्ही दोन्ही खोल्या जोडल्या. मुलगी आता तिथे अभ्यास करते, कडी लावून. पैसे माझे होते, भिंत मी पाडली, चुना मी लावला. पोरं त्या खोलीला काकूची खोली म्हणतात.